बाबांचं विद्यापीठ, लेकीचा अर्ज

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी अकरावीत आहे, शाळेत वरच्या मुलांत आहे, एसएटी या प्रवेश परीक्षेत १४८० गुण आहेत. तिला एन्व्हायर्नमेंटल इंजिनीअरिंग करायचं आहे. माझे यजमान पुण्याहून बी.ई. करून १९९६ साली इथल्या एका नावाजलेल्या खासगी विद्यापीठात एम.एस.ला आले (नाव छापू नये ही विनंती). मंडळात सगळे म्हणतात, "तुमची तर लेगसी आहे, ॲडमिशन झालीच समजा." (लेगसी म्हणजे आईवडील त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असले की मुलांना प्रवेशात मिळणारं झुकतं माप.) यजमानांनी दोन वर्षांपासून विद्यापीठाला थोडी देणगीही सुरू केली आहे. त्यांचा चुलतभाऊ तिथलाच, तो पत्र देतो म्हणतो. पुण्यात सासूबाईंनी शेजारी सांगूनसुद्धा टाकलं. मुलगी मात्र म्हणते, "बाबांमुळे मिळणारी सीट मला नको." घरात रोज वाद होतात. लेगसीचा खरंच किती उपयोग होतो? अर्ली डिसिजन, म्हणजे लवकरच्या फेरीतला बांधून घेणारा अर्ज, तिथेच करावा का?
— एक आई

उत्तर: नमस्कार ताई,

सगळ्यांत आधी एक गोष्ट तपासा. यजमानांचं विद्यापीठ तुमच्या मुलीला लेगसी धरतं का? हे कोणी विचारलेलं दिसत नाही, आणि तुमच्या बाबतीत पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. यजमानांनी तिथे एम.एस. केलं आहे, बी.एस. नाही. बरीच खासगी विद्यापीठं लेगसी धरतात ती फक्त चार वर्षांची पदवी तिथे घेतलेल्या आईवडिलांच्या मुलांना. हार्वर्डमध्ये आई किंवा वडील हार्वर्ड कॉलेजचे असावे लागतात. वडिलांनी तिथून एमबीए केलं असेल तर मुलाला ती ओळख मिळत नाही. स्टॅनफर्डमध्ये पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही धरतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ आजी-आजोबांनाही धरतं. काका, मामा, चुलत-मावस भावंडं जवळपास कुठेच धरत नाहीत, म्हणून चुलतदिरांचं तिथलं शिक्षण या हिशेबात येत नाही.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातून आलेल्या इंजिनीअर पिढीचं बहुतेक असंच आहे. पदवी सीओईपी, व्हीजेटीआय किंवा वालचंदची, आणि अमेरिकेत फक्त दीड-दोन वर्षांचं मास्टर्स. तरीही 'आमची लेगसी आहे' हे सगळीकडे ऐकू येतं, त्याला कारण आहे. विद्यापीठाचं माजी विद्यार्थी कार्यालय आणि ॲडमिशन ऑफिस ही दोन वेगळी खाती. माजी विद्यार्थी कार्यालयाच्या लेखी ज्याने तिथली कुठलीही पदवी घेतली तो आपला माणूस. त्याला मासिक येतं, मेळाव्याचं आमंत्रण येतं, मुलं मोठी झाली की कॅम्पस दाखवण्याच्या खास दिवसाचं पत्रही येतं. ते पत्र हातात आलं की घरात सगळ्यांना वाटतं, काम झालं. त्या पत्राचा प्रवेशाशी संबंध नसतो.

तेव्हा आधी ॲडमिशन ऑफिसला विचारा. फोन किंवा ईमेल पालकांनी केला तरी चालतो, मुलीचं नाव सांगायची गरज नाही. प्रश्न इतकाच असावा: "पालकाने तुमच्याकडून फक्त मास्टर्स केलं असेल, तर अंडरग्रॅज्युएट प्रवेशात तुम्ही ते विचारात घेता का?" गोलमोल उत्तर आलं, "आम्ही अर्जदाराकडे सर्वांगाने पाहतो" वगैरे, तर पुन्हा विचारा: "तुमच्या लेगसीच्या व्याख्येत पदव्युत्तर पदवी येते का?" याचं उत्तर बहुतेक कार्यालयं देतात.

दुसरी तपासणी घरबसल्या होते. विद्यापीठाचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं शोधलं की ते विद्यापीठ दरवर्षी प्रसिद्ध करतं तो दस्तऐवज सापडतो. त्यातल्या सी विभागातला सी-७ हा तक्ता उघडा. प्रवेश देताना कोणत्या गोष्टीला किती वजन दिलं जातं ते तिथे प्रत्येक ओळीपुढे चार रकान्यांत खूण करून सांगितलेलं असतं: अतिशय महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतलं जातं, विचारात घेतलं जात नाही. माजी विद्यार्थ्यांशी नात्याची एक स्वतंत्र ओळ असते. जिथे लेगसी चालते तिथे सहसा खूण तिसऱ्या रकान्यात असते, आणि त्या तिसऱ्या रकान्यात अगदी किंचित वजनापासून बऱ्यापैकी वजनापर्यंत काहीही असू शकतं. चौथ्या रकान्यात खूण असेल तर विषयच संपला. मात्र वर्ष पाहूनच वाचा. गुगल अनेकदा चार-पाच वर्षांपूर्वीची प्रत पुढे करतं आणि मधल्या काळात धोरण बदललेलं असतं.

बदललंय ते खूप वेगाने. एमआयटी, कॅलटेक आणि कॅलिफोर्नियाची सरकारी यूसी विद्यापीठं लेगसी पाहतच नाहीत. जॉन्स हॉपकिन्सने २०१४ साली ती बंद केली आणि २०२० मध्ये जाहीर केलं. ॲमहर्स्टने २०२१ मध्ये बंद केली. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात वंशाच्या आधारे प्रवेशात झुकतं माप द्यायला मनाई केली. त्यानंतर 'मग आईवडिलांच्या पदवीच्या आधारे का चालतं?' हा प्रश्न टाळणं अवघड झालं, आणि त्याच वर्षी वेस्लियन, ऑक्सिडेंटल, व्हर्जिनिया टेक यांनीही लेगसी सोडली. राज्यांचे कायदेही आले. कोलोरॅडोने २०२१ मध्ये, व्हर्जिनिया आणि इलिनॉयने २०२४ मध्ये सरकारी विद्यापीठांत बंदी घातली. मेरीलँडने २०२४ मध्येच सरकारी आणि खासगी दोन्हींत घातली. कॅलिफोर्नियाचा खासगी विद्यापीठांसाठीचा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात देणगीदारांच्या मुलांना झुकतं माप देण्यावरही बंदी आहे. तिथेही स्टॅनफर्डने लेगसी चालू ठेवायचं ठरवलं आणि त्यासाठी राज्याची कॅल ग्रँट ही मदत घेणं सोडलं. म्हणून मंडळातल्या कुणाच्या मोठ्या मुलाचा सहा वर्षांपूर्वीचा अनुभव आज तुमच्या उपयोगाचा नाही.

समजा, चौकशीत कळलं की मास्टर्स धरतात आणि तुमची मुलगी लेगसी आहे. मग फायदा किती?

हार्वर्डच्या खटल्यात सहा वर्षांची आकडेवारी न्यायालयापुढे आली. लेगसी अर्जदारांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना प्रवेश मिळाला होता, इतरांत सुमारे ६ टक्के. पहिला आकडा ऐकून हुरळून जायला होतं, पण तो उलटा करून पाहा: दर तीन लेगसी मुलांपैकी दोघांना नकार मिळाला होता. शिवाय या दोन आकड्यांतला सगळा फरक लेगसीचा नाही. हार्वर्डला शिकलेल्या आईवडिलांची मुलं मुळात चांगल्या शाळांत जातात, घरात माहितगार माणसं असतात, अर्ज जास्त तयारीने येतात. हे सगळं बाजूला काढून नुसत्या लेगसीचं वजन मोजायचा प्रयत्न राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी जुलै २०२३ च्या अभ्यासात केला. आठ आयव्ही लीग विद्यापीठं आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारा ठिकाणांचा तो अभ्यास होता. सारख्याच गुणांच्या अर्जदारांशी तुलना केली तर सगळ्यांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या लेगसी मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. त्याहून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या लेगसी मुलांची सुमारे तिप्पट.

तिप्पट म्हणजे नेमकं किती, ते आकडा मांडून पाहा. एखाद्या ठिकाणी तुमच्या मुलीसारख्या मुलीला एरवी ५ टक्के शक्यता असेल, तर तिप्पट होऊन ती १५ टक्के होते. शंभर अशा मुलींपैकी पंच्याऐंशींना तरीही नकार. "झालीच समजा" म्हणणाऱ्यांना हा हिशेब सांगा.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट कामाची आहे. ज्यांचे आईवडील एका विद्यापीठाचे होते, त्या मुलांना त्याच तोडीच्या दुसऱ्या विद्यापीठात काहीही जास्तीचा फायदा झालेला दिसला नाही. म्हणजे लेगसी त्या एका दारापुरतीच. बाकीच्या दहा अर्जांत तुमची मुलगी इतर सगळ्यांसारखीच आहे, आणि तयारीचा बहुतेक वेळ त्या दहांवर जायला हवा.

फाइल वाचली जाताना लेगसी कुठे कामाला येते तेही सांगतो. बहुतेक ठिकाणी तुमच्या भागासाठी नेमलेला ॲडमिशन ऑफिसर अर्ज आधी वाचतो आणि अभ्यास, उपक्रम, व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे गुण देतो. मग फाइल समितीपुढे जाते. तिथे शेवटच्या फेरीत तुल्यबळ फाइली उरतात, आणि जागा मात्र कमी असतात. लेगसीचं वजन पडतं ते त्या टप्प्यावर. ज्या फाइलचे विषय कच्चे आहेत किंवा शिक्षकांचं पत्र कोमट आहे, ती त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही. पुण्यातल्या नातेवाइकांना हे समजावताना गडबड होते, कारण ते याची गाठ मॅनेजमेंट कोट्याशी घालतात. कोट्यात ठरावीक जागा बाजूला काढलेल्या असतात. लेगसीसाठी एकही जागा राखून ठेवलेली नसते. सासूबाईंना एवढा एक फरक सांगितला तरी शेजाऱ्यांना काय सांगायचं ते त्या बरोबर ठरवतील.

मुलीचा एसएटी १४८० आहे म्हणता. त्याच कॉमन डेटा सेटमध्ये सी-९ तक्ता पाहा. आदल्या वर्षी आत आलेल्या मुलांच्या गुणांचा २५वा आणि ७५वा शतमक (पर्सेंटाइल) तिथे दिलेला असतो. खालचा आकडाच १५०० च्या आसपास असेल, तर ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा परीक्षा द्यायला हवी. लेगसी ती तूट भरून काढत नाही. चाचणी ऐच्छिक आहे की सक्तीची हेही पाहा. डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड अशा अनेकांनी ती पुन्हा सक्तीची केली आहे.

अर्ली डिसिजन आणि पुण्याचा फ्लॅट

अर्ली डिसिजनबद्दल तुम्ही विचारलंत, आणि खरी जोखीम इथेच आहे. अर्ली डिसिजन एकाच ठिकाणी करता येतं आणि ते बांधून घेणारं असतं. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर तिघांची सही लागते. प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. अर्ज सहसा १ नोव्हेंबरपर्यंत, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची लवकरची फेरी बांधून घेत नाही, पण त्या फेरीत इतर खासगी विद्यापीठांत लवकर अर्ज करायला ती बहुतांशी मनाई करते. यजमानांच्या विद्यापीठात यातला कोणता प्रकार आहे ते पाहून घ्या.

लेगसी आणि लवकरची फेरी यांचा संबंध जुना आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ पूर्वी उघडपणे लिहीत असे की माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा पुरेपूर विचार अर्ली डिसिजनमध्येच होतो. नंतर ते वाक्य काढून टाकलं. पण यामागचा तर्क इतर ठिकाणीही आहे. घरच्यांचं हे विद्यापीठ आणि तरी मुलगी मार्चमध्ये निकाल लागणाऱ्या नेहमीच्या फेरीत येते, म्हणजे हे तिचं पहिलं पसंतीचं ठिकाण नसावं, असं वाचणाऱ्याला वाटू शकतं. म्हणून जिथे अर्ली डिसिजन आहे तिथे लेगसीचा जो काही उपयोग व्हायचा तो त्याच फेरीत होण्याची शक्यता जास्त. सी-२१ तक्त्यात अर्ली डिसिजनला आलेले अर्ज आणि मिळालेले प्रवेश यांचे आकडे असतात. भागाकार करून टक्केवारी काढा, पण तिच्यावर फार विसंबू नका. त्या फेरीत खेळाडू म्हणून आधीच निवडलेली मुलंही असतात, त्यामुळे टक्का फुगतो.

आता पैशाचं. मोठ्या खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च आज ९०,००० डॉलरच्या घरात गेला आहे. न्यू जर्सीच्या रहिवाशाला रटगर्सला त्याच्या निम्म्याहूनही कमी लागतात. अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला की दोन ठिकाणच्या मदतीची तुलना करायची संधी संपते. आर्थिक मदत खरोखरच अपुरी असेल तर करारातून सुटता येतं, पण मदत किती मिळणार याचा अंदाज तुम्हाला आधीच असायला हवा.

त्यासाठी प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता तुम्हाला किती भरावे लागतील याचा अंदाज देणारा, असतो. तो कायद्यानेच ठेवावा लागतो. जूनमध्ये एका शनिवारी यजमान आणि तुम्ही दोघं बसा. गेल्या वर्षीचं कर विवरणपत्र, बँकेची, शेअर्सची शिल्लक आणि घराच्या कर्जाचं स्टेटमेंट समोर ठेवा. आणि इथे मराठी घरांत हमखास एक चूक होते. भारतातली मालमत्ता लिहिली जात नाही. कोथरूडचा फ्लॅट, एनआरई मुदत ठेव, वडिलांनी नावावर केलेला प्लॉट, या सगळ्यांबद्दल 'ते तिकडचं आहे' म्हणून कॅल्क्युलेटरमध्ये शून्य टाकलं जातं. मदतीसाठी बरीच खासगी विद्यापीठं सीएसएस प्रोफाइल हा घरच्या आर्थिक माहितीचा फॉर्म मागतात आणि त्यात राहत्या घराखेरीज इतर मालमत्ता, मग ती कुठल्याही देशातली असो, सांगावी लागते. ती लिहिली की मदतीचा आकडा खाली येतो. म्हणजे जूनमध्ये कॅल्क्युलेटरने तुमचा खर्च वर्षाला ४५,००० डॉलर सांगितलेला असतो, त्या जोरावर नोव्हेंबरमध्ये करारावर सही होते, आणि डिसेंबरमध्ये येणारं पत्र ६५,००० चं असतं. आकडे उदाहरणादाखल आहेत, गफलत मात्र हीच होते. फ्लॅट लपवायचा विचार मनात आणू नका. खोटी माहिती निघाली तर प्रवेशही जातो. पहिल्याच दिवशी खरे आकडे टाकून जे उत्तर येईल ते चार वर्षं परवडणार असेल, आणि मुलीला हेच विद्यापीठ सगळ्यांत जास्त हवं असेल, तरच अर्ली डिसिजन तिथे करा. यातली एक जरी अट अपुरी असेल तर करू नका.

देणगी, पत्र आणि मध्यस्थ

देणगीबद्दल स्पष्ट सांगतो. वर्षाला काही शे किंवा काही हजार डॉलरच्या देणगीने प्रवेशाच्या फाइलवर काही होत नाही. ज्या देणगीदारांच्या मुलांची नावं विद्यापीठाचे वरिष्ठ लक्षात ठेवतात, त्यांची रक्कम इमारतींच्या आणि अध्यासनांच्या भाषेत मोजली जाते. यजमानांना विद्यापीठाबद्दल माया असेल, तिथे मिळालेल्या असिस्टंटशिपवर ते उभे राहिले असतील, तर देणगी जरूर द्यावी. पण देणगीसोबत मुलीच्या अर्जाचा उल्लेख असलेला ईमेल पाठवू नये. त्याने मुलीच्या फाइलचं भलं होत नाही, आणि मोबदल्याची अपेक्षा ठेवून दिलेल्या रकमेवर करसवलत घेता येत नाही. तिचा निकाल लागेपर्यंत देणगी आहे तशीच चालू ठेवावी. ती वाढवूही नये आणि रागावून थांबवूही नये.

चुलतदिरांचं पत्र नम्रपणे नाकारा. ॲडमिशन ऑफिस दोन शिक्षकांची आणि काउन्सेलरची पत्रं मागतं. तिसरं पत्र तेव्हाच उपयोगी पडतं, जेव्हा लिहिणाऱ्याने मुलीचं काम स्वतः पाहिलेलं असतं, म्हणजे प्रयोगशाळेत हाताखाली घेतलेलं, स्वयंसेवी कामात सोबत राहिलेलं असं काही. दिवाळीला भेटणाऱ्या काकांना तिच्या कामातलं काय सांगता येणार? माजी विद्यार्थ्याकडून मुलाखत होते तिथेही मुलाखतकार विद्यापीठ ठरवतं. ओळखीचा माणूस मिळावा म्हणून खटपट करू नये. ओळखीचाच निघाला, तर मुलीने तसं कळवून दुसरा मागावा.

आणि कोणी 'आतून करून देतो' म्हणणारा भेटला तर तिथूनच मागे फिरा. मार्च २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात बोगस खेळाडू दाखवून आणि एसएटीचे गुण फिरवून प्रवेश मिळवलेल्या पालकांना तुरुंगात जावं लागलं. लेगसी ही विद्यापीठाने जाहीरपणे दिलेली सवलत आहे. कुणाच्या खिशात पैसे घालून ती वाढत नाही.

अर्जात काय, कुठे लिहायचं

कॉमन ॲप, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज, दरवर्षी १ ऑगस्टला नवीन वर्षासाठी सुरू होतं. कुटुंबाच्या विभागात प्रत्येक पालकाचं शिक्षण विचारलेलं असतं: किती संस्थांत शिकले, संस्थेचं नाव, पदवी कोणती, कोणत्या वर्षी. तिथे पुण्याची बी.ई. आणि इथली एम.एस. दोन्ही लिहायची. बऱ्याच विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रश्नांच्या पानावर 'कुटुंबातलं कोणी इथे शिकलं आहे का' असा वेगळा प्रश्न असतो. तो फक्त त्या विद्यापीठाच्या पानावर दिसतो, म्हणून तिकडे लक्ष ठेवा. सहा आठवड्यांचा कोर्स, एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेट किंवा पोस्टडॉक ही पदवी नाही, ती पदवीच्या रकान्यात लिहू नये.

नावांची जुळणी हे आपल्या घरांत दुखणं आहे. १९९८च्या पदवीवर 'आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव' असा क्रम असतो. पुढे ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व होताना मधलं नाव गळतं, कुणी आडनाव लहान करतं. आईची पदवी असेल तर ती माहेरच्या नावावर असते. विद्यापीठाच्या नोंदीत नाव एक आणि अर्जात दुसरं असेल, तर जोड लागायला अडचण येते. कॉमन ॲपमध्ये पालकाचं पूर्वीचं आडनाव लिहायला जागा आहे, ती रिकामी सोडू नका. आणि यजमानांनी उन्हाळ्यातच माजी विद्यार्थी कार्यालयाच्या पोर्टलवर जाऊन आजचं नाव, पदवीवरचं नाव, पत्ता आणि वर्ष तपासून घ्यावं. दहा मिनिटांचं काम आहे.

निबंधात मात्र बाबांचं विद्यापीठ आणू नये. 'हेच विद्यापीठ का' या निबंधात लेगसी मुलांकडून ठरलेलं वाक्य येतं: "बाबांच्या जुन्या स्वेटशर्टवरचं हे नाव मी लहानपणापासून पाहत आले." वाचणारा ते वाक्य दर मोसमात वाचतो, आणि त्यातून त्याला मुलीबद्दल काहीच कळत नाही. बाबा तिथले आहेत हे त्याला कुटुंबाच्या विभागात आधीच दिसलं आहे. त्या जागी तिने असं लिहावं: आमच्या गावाजवळून रॅरिटन नदी वाहते, वादळानंतर तिला पूर येतो तेव्हा गटारांचं पाणी नदीत मिसळतं, मी शाळेतर्फे दोन मोसम पाण्याचे नमुने घेतले, आणि तुमच्याकडच्या अमुक प्राध्यापकांच्या गटात शहरी पावसाच्या पाण्यावर जे काम चाललंय, त्यातला हा एक प्रश्न मला पडलेला आहे. तिने नमुने घेतले नसतील तर जे खरोखर केलं आहे ते लिहावं. कोणता अभ्यासक्रम, कोणती प्रयोगशाळा, तिथे जाऊन नेमकं काय करायचं आहे, इतकं ठोस हवं.

मुलीचं म्हणणं

तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. तिला जे खटकतंय ते आज अमेरिकेत बऱ्याच लोकांना खटकतंय, आणि त्याला इतिहास आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना पुढे घेण्याची पद्धत १९२०च्या दशकात रुजली. स्थलांतरितांची, विशेषतः ज्यू कुटुंबांतली हुशार मुलं परीक्षेच्या जोरावर मोठ्या संख्येने आत येऊ लागली होती, त्यांना आवर घालण्याच्या उपायांपैकी हा एक होता. घरात कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या मुलाला ही पद्धत आजही मागे ढकलते. जॉन्स हॉपकिन्समध्ये २००९ साली नव्या वर्गात १२.५ टक्के लेगसी मुलं होती आणि सरकारी पेल ग्रँटला पात्र असलेली, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं ९ टक्के. २०१९ मध्ये लेगसी ३.५ टक्क्यांवर आली होती आणि पेल पात्र मुलं १९.१ टक्के झाली होती. त्याच काळात आर्थिक मदतही वाढली, त्यामुळे सगळं श्रेय लेगसी बंद करण्याला देता येणार नाही. पण जागा कुणाकडून कुणाकडे गेल्या ते यात दिसतं. आमच्या मते ही सवलत जायला हवी, आणि तुमची मुलगी बरोबर बोलते आहे.

तरीही तिच्यापुढे पर्याय काय, ते तिला मोकळेपणाने सांगा. पालकांचं शिक्षण विचारलं असेल तर खरं लिहावंच लागतं, कारण माहिती खरी असल्याचं ती सही करून सांगते. तिला तो फायदा नकोच असेल तर प्रामाणिक मार्ग असा की ती यजमानांच्या विद्यापीठात अर्जच करत नाही, आणि तिच्या विषयात तितकीच चांगली, लेगसी न पाहणारी ठिकाणं निवडते. हा निर्णय तिचा असू द्या. यजमानांना वाईट वाटेल, ते साहजिक आहे. ज्या जागेने त्यांना या देशात उभं केलं तिथे लेक नको म्हणते आहे. पण तिने नको म्हटलं म्हणजे त्यांच्या कष्टांना नको म्हटलं असं नाही, हे त्यांच्याशी एकट्याने बोलताना तुम्ही सांगू शकाल. आणि चौकशीत मास्टर्स धरतच नाहीत असं निघालं, जे तुमच्या बाबतीत सहज शक्य आहे, तर हा सगळा वादच उरत नाही. म्हणून तो ईमेल याच आठवड्यात करा. उत्तर येईपर्यंत घरात हा विषय बंद ठेवा.

तिने अर्ली डिसिजन केलंच, मग ते कुठलंही असो, तर बाकीचे अर्ज निकालाची वाट न पाहता थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरच्या अखेरीस) पूर्ण लिहून ठेवायला लावा. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि बऱ्याच ठिकाणची शेवटची तारीख १ जानेवारीच्या आसपास असते. नकार आल्यावर त्या दोन आठवड्यांत रडून झाल्यावर लिहिलेले निबंध वाचवत नाहीत. निकाल पुढे ढकलला गेला, तर जानेवारीच्या अखेरीस पहिल्या सत्राचे गुण आणि नवं काही घडलं असेल तर त्याचं एक पानी पत्र तिने स्वतः पाठवावं. यजमानांनी नाही. अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असलेली विद्यापीठंही बरीच आहेत, पण तिथेही करार तसाच बांधून घेणारा असतो. त्याआधी त्या विद्यापीठाचा कॅल्क्युलेटर फ्लॅट धरून भरून झालेला असला पाहिजे.